गुडघा म्हणजे सहाणेवरचं चंदन नव्हे

नौपाड्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मी ६१ वर्षांची. फोर्टातल्या बँकेत नोकरी केली, तीस वर्षं ठाणे-सीएसएमटी लोकल केली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. रोज सकाळी कचराळी तलावाला चार-पाच फेऱ्या मारायचे, मैत्रिणी जमल्या होत्या. दिवाळीनंतर उजवा गुडघा दुखायला लागला, जिना उतरताना तर फारच. जानेवारीत एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, झीज सुरू झाली आहे, ग्रेड दोन. तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच पालुपद: जितकं चालशील तितकं झिजेल, जपून वापर. मी फेऱ्या बंद केल्या. आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन-दोन दिवस खाली उतरत नाही, भाजी मुलगा वर आणून देतो. पाच महिन्यांत वजन ६८ वरून ७२ किलो झालं आणि गुडघा बरा व्हायचा सोडून सकाळी जास्तच आखडतो. उठताना कटकट वाजतो. मुलगी घोडबंदर रोडला राहते, ती म्हणते लिफ्टच्या इमारतीत या. मला खरं काय ते सांगा. चालले तर झीज लवकर वाढेल का? वाटी बदलायची वेळ येईल का? आणि घर सोडावं का?"

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. चाला. ग्रेड दोनच्या, म्हणजे सौम्य झिजेच्या गुडघ्याने सपाट रस्त्यावर बेताचं चाललं म्हणून झीज वेगाने वाढते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमचं नुकसान जे काही झालं आहे ते या पाच महिन्यांत, बसून राहिल्याने झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं भरून काढता येण्यासारखं आहे.

या आजाराचं वैद्यकीय नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस, पण आपल्याकडे तो 'झीज' याच नावाने चालतो. डॉक्टर तोच शब्द वापरतात, आम्ही फिजिओथेरपिस्टही वापरतो. तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे सहाण आणि चंदनाचं खोड येतं. जितकं उगाळाल तितकं खोड लहान होणार, म्हणून उरलंसुरलं जपून वापरायचं. तुमच्या मुलाने हाच हिशेब मांडला, आणि मायेपोटीच मांडला. पण चंदनाच्या खोडात जीव नसतो. गुडघ्यात असतो.

हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते तिला कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग तिला पोसतं कोण? सांध्यातला द्रव, ज्याला आपण वंगण म्हणतो. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातला द्रव बाहेर येतो. पाऊल उचललं की ती पुन्हा फुगते आणि ताजा द्रव आत ओढून घेते. दाब आणि सुटका, दाब आणि सुटका, असंच तिचं पोट भरतं. दिवसभर सोफ्यावर पाय लांब करून बसलात तर गुडघ्याला आराम मिळाल्यासारखा वाटतो, पण कूर्चा उपाशी राहते. सकाळी गुडघा आखडतो आणि घरात चार पावलं टाकली की मोकळा होतो, हे तुमच्याही लक्षात आलंच असेल.

शिवाय हा आजार एकट्या कूर्चेचा नाही. खालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचे स्नायू सगळेच त्यात ओढले जातात. वय, आनुवंशिकता, वजन, गुडघ्याला पूर्वी झालेली दुखापत, पायांची ठेवण, मांडीतली ताकद, अशा कितीतरी गोष्टींवर तो कुठल्या गतीने पुढे जाईल हे ठरतं. 'किती पावलं चाललात' एवढ्यावर ते ठरत असतं, तर आयुष्यभर शेताच्या बांधावरून चालणाऱ्या प्रत्येक बाईचे गुडघे पन्नाशीतच निकामी झाले असते.

आता अभ्यास काय सांगतात ते पाहू. अमेरिकेत २००४ साली ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह नावाचं मोठं काम सुरू झालं. ४५ ते ७९ वयाच्या जवळजवळ ४,८०० लोकांचे गुडघे वर्षानुवर्षं तपासत राहायचे, एक्स-रे काढायचे, एमआरआय करायचे, दुखणं विचारायचं. त्यातल्या पन्नाशीपुढच्या आणि गुडघ्यात झीज असलेल्या १,२१२ जणांचा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. जे व्यायाम म्हणून चालत होते त्यांच्यात, ज्यांचा गुडघा आधी वारंवार दुखत नव्हता त्यांना नव्याने तसं दुखणं लागण्याची शक्यता न चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन हाडांमधली फट अरुंद होत जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमीच होतं. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासाने वेगवेगळ्या देशांतल्या ६ दीर्घकालीन पाहण्यांमधली ५,००० हून अधिक माणसं एकत्र मोजली. चालणं, सायकल, खेळ मिळून एकूण हालचाल जास्त असलेल्यांना गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त होतो, असं काही त्यात निघालं नाही.

यात एक मेख आहे, ती तुमच्यापासून लपवणार नाही. ही सगळी निरीक्षणं आहेत. चालणारी माणसं मुळातच जरा धडधाकट असतात, म्हणून तर ती चालतात. त्यामुळे 'चाला म्हणजे झीज थांबेल' असं मी म्हणणार नाही, आणि एक्स-रेवरची फट व्यायामाने पुन्हा रुंद होईल असंही नाही. पण चालल्याने गुडघा चंदनासारखा झिजत असता तर हे आकडे उलटे आले असते. ते तसे आलेले नाहीत, आणि तुमच्या प्रश्नापुरतं एवढं पुरेसं आहे.

दुसरी बाजूही आहे. त्याच अमेरिकन लोकांपैकी दोनशेच्या आसपास जणांच्या कूर्चेचं एमआरआय ४ वर्षं पाहिलं गेलं. तेव्हा सगळ्यांत जास्त दमवणूक करणारे आणि सगळ्यांत कमी हलणारे, या दोन्ही टोकांच्या लोकांत कूर्चेतले बदल मधल्यांपेक्षा जास्त आढळले. वर्षानुवर्षं उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून, वर ओझी उचलत कामं करणाऱ्यांना हा आजार जास्त होतो, हे तर फार आधीपासून माहीत आहे. तेव्हा भीती बाळगायची असेल तर ती दोन्ही टोकांची बाळगा. कचराळीच्या चार फेऱ्या त्यातल्या कुठल्याच टोकाला बसत नाहीत. ज्या टोकाची भीती तुम्हाला कोणी घातलीच नाही, त्या बसून राहण्याच्या टोकाला तुम्ही आज आहात.

ग्रेड दोनचंही सांगते, कारण त्या आकड्याने तुमची झोप उडवलेली दिसते. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली ही मोजपट्टी मांडली, शून्य ते चार. दोन म्हणजे हाडाच्या कडेला लहानसे कंगोरे आलेले स्पष्ट दिसतात आणि फट कदाचित थोडी कमी झालेली असते. सौम्य अवस्था. आणि एक्स-रेची फिल्म आणि दुखणं यांची जोडी फारशी जमत नाही. ग्रेड तीनच्या बायका मी येऊरच्या पायवाटांवर चालताना पाहिल्या आहेत, आणि फिल्मवर जवळपास काही नसताना रात्र-रात्र विव्हळणारी माणसंही तपासली आहेत. नुसता कटकट आवाज येतो, त्याबरोबर दुखत नाही, सूज नाही, तर त्यापायी चालणं सोडायचं कारण नाही.

पाच महिन्यांत नेमकं काय झालं ते बघा. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू हा गुडघ्याचा राखणदार. पाऊल टेकताना बसणारा हिसका तो आधी स्वतःवर घेतो. वापर थांबला की तो भराभर बारीक होतो, आणि मग तोच हिसका थेट सांध्यात जातो. त्यात ४ किलो वजन वाढलं. वजन जास्त असलेल्या गुडघेदुखीच्या रुग्णांवर २००५ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं की १ किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. हाच हिशेब उलटा मांडला तर तुमच्या गुडघ्यावर प्रत्येक पावलाला १६ किलोंचा जादा भार आला. तांदळाची अर्धी गोणच म्हणा. ही गोण चालण्याने आलेली नाही, ताई.

हे मी एवढ्या कळकळीने का लिहिते, तेही सांगते. माझ्या आईला साठीत एका डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे जपा, जिना टाळा. आम्ही वर्तकनगरला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. आईने जिना टाळला म्हणजे घराबाहेर पडणंच टाळलं. देवळात जाणं सुटलं, भिशी सुटली, शेजारणी वर येईनाशा झाल्या. मी तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते, मोठ्या डॉक्टरांच्या शब्दापुढे बोलायची छाती झाली नाही. पुढे तिचे गुडघे बदलावे लागले. ऑपरेशन उत्तम झालं, पण मांड्यांत काही उरलंच नव्हतं. इतर बायका तीन आठवड्यांत काठी घेऊन फिरत होत्या, आईला तीन महिने लागले. एक्स-रेवरची झीज तिच्या वाट्याला येणारच होती कदाचित. ती दीड-दोन वर्षं खिडकीत बसून गेली, ती मात्र यायला नको होती.

म्हणून 'झीज वाढेल का' या तुमच्या प्रश्नाशेजारी मी आणखी एक प्रश्न ठेवते: चार वर्षांनी तुम्ही सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडू शकाल का? याबाबतचे आकडे आशा देणारे आहेत. गुडघे किंवा पायांचे इतर सांधे दुखणाऱ्या १,५०० हून अधिक लोकांना ४ वर्षं पाहिल्यावर दिसलं की आठवड्याला एकूण १ तासभर जरा भरभर चालण्यासारखी हालचाल करणारे, चालण्याफिरण्यात परावलंबी होण्यापासून खूप जास्त प्रमाणात वाचले. १ तास, तोही आठवड्याभरात. दुसऱ्या एका अभ्यासात, गुडघ्याचा हा आजार असलेल्या किंवा व्हायची शक्यता असलेल्यांपैकी दिवसाला ६,००० पावलं टाकणाऱ्यांना पुढच्या २ वर्षांत हालचालीच्या अडचणी कमी आल्या. दहा हजारांचा जो धोशा सगळीकडे चालतो, तो तुम्ही कानाआड करा.

आता सुरुवात कशी करायची. पाच फेऱ्यांपासून नको. पहिला आठवडा सपाटीवर १० मिनिटं, सकाळी किंवा संध्याकाळी. झेपलं तर पुढच्या आठवड्यापासून दोन-तीन मिनिटं वाढवत जा. मध्ये बाकावर बसायचं, अजिबात संकोच करायचा नाही. मैत्रिणी वेगाने पुढे गेल्या तर जाऊ द्या, दुसऱ्या फेरीत त्या तुम्हाला गाठतीलच. पायात चपला नकोत, मऊ तळाचे बंद बूट घाला. आणि आता पाऊस आला आहे. आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलं की चांगल्या गुडघ्याची माणसंही घसरतात, तेव्हा ओल्या दिवशी घरातच हॉल ते स्वयंपाकघर घड्याळ लावून चाला. एक पडणं हे हजार फेऱ्यांपेक्षा महाग पडतं.

दुखेल का? सुरुवातीला थोडं दुखेल. त्याचा अर्थ काहीतरी मोडतं आहे असा नाही. आम्ही दुखण्याला शून्य ते दहा असे गुण देतो. चालताना चार-पाचपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर तेवढं चालणं गुडघ्याला मानवलं. सकाळीही वाढलेलंच असेल किंवा सूज आली असेल, तर चालणं बंद न करता निम्म्यावर आणा. हा नियम एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावा, घरच्यांनाही वाचता येईल.

चालण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्व मांडीच्या ताकदीला आहे. एक दिवसाआड हे करा. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसा, हात छातीशी, सावकाश उठा, त्याहून सावकाश बसा. दहा वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा किंवा हातांचा आधार घ्या. मग पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, हे तर कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही होतं. फरक जाणवायला आठ-दहा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'काही होत नाही' म्हणून सोडणारे माझे निम्मे रुग्ण असतात, त्यांच्यात तुम्ही जाऊ नका. एखाद्या फिजिओथेरपिस्टला एकदा प्रत्यक्ष दाखवून घेतलंत तर उत्तम. तुम्हाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांशीही आधी बोला.

जिन्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. बर्लिनमध्ये काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारी यंत्रणाच बसवली होती. त्यात सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार आला, जिना चढताना तिपटीच्या जरा वर आणि उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. तुमच्या ७२ किलोंना म्हणजे उतरताना २५० किलोंच्या घरात. म्हणून उतरतानाच जास्त दुखतं. चढताना डावा, म्हणजे चांगला पाय आधी टाका, उतरताना उजवा, दुखरा पाय आधी. कठडा धरा, हातात पिशव्या नकोत, प्रत्येक मजल्यावर थांबा. काठी वापरायची झाली तर ती डाव्या हातात, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. जिना पूर्ण सोडू नका. दिवसातून एकदा नीट उतरून चढणं, हे तुमच्या मांडीचं शिक्षणच आहे.

बाकीचं थोडक्यात. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोड किंवा त्यावर ठेवायची खुर्ची आणा, निवडण-टिपण खाली बसून करू नका. डिंकाच्या लाडवांनी आणि तुपाने गुडघ्यातलं वंगण वाढत नाही, वजन वाढतं. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात त्या घेऊ नका असंच स्पष्ट सांगितलं आहे. त्याच मार्गदर्शनात व्यायाम, वजन कमी करणं आणि गुडघ्यावर लावायचं वेदनाशामक मलम यांची मात्र ठाम शिफारस आहे. वाढलेले ४ किलो उतरवा, इतकंच पहिलं लक्ष्य ठेवा. आणि गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, मध्येच अडकून सरळ होईना, पडल्यावर पाय टेकवेना किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

वाटी बदलण्याचं म्हणाल तर ग्रेड दोनला तो विषय निघत नाही. पुढे कधीच निघणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ नये. निघालाच तर जी मांडी आज तयार कराल, तीच ऑपरेशननंतर तुम्हाला उभं करेल.

राहिला घराचा प्रश्न. मुलीजवळ राहायची तुमची स्वतःची इच्छा असेल तर जरूर जा, लिफ्टचा आराम काही वाईट नाही. पण गुडघ्यासाठी म्हणून आज नौपाडा सोडू नका. कचराळी पायाशी आहे, मैत्रिणी तिथे आहेत, बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नव्या टॉवरमध्ये लिफ्टने खाली आलात आणि गेटबाहेर सर्व्हिस रोडवर पाऊल टाकायची धास्ती वाटली, तर चालणं पुन्हा खुंटायचं. तीन महिने हे सगळं करा आणि मग मुलीशी बोला. तोवर मुलाला सांगा, आठवड्यातून दोन दिवस भाजी मीच आणणार. ओझं वर चढवून द्यायचं काम मात्र त्याचंच राहू दे.